मायना काय लिहावा?

मराठीच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न असायचा आणि तो आपल्यापैकी बहुतेकांना आवडायचा. साचा पाठ असला की गुण हमखास मिळत. उजवीकडे वर पत्ता आणि तारीख, मग मायना, मग मजकूर, शेवटी 'आपला आज्ञाधारक'. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्या भावाला 'चिरंजीव', बाहेरच्या मोठ्या माणसाला 'सा. न. वि. वि.'. मायना चुकला की गुण गेला. एवढ्या एका शब्दासाठी सर-बाई का अडून बसतात, असं तेव्हा वाटायचं.

पुढे कॉम्प्युटरच्या नोकरीत राहून जमेल तसं वाचत गेले. त्यात जुन्या मराठी लेखक-लेखिकांची खासगी पत्रं हाती आली आणि ती फार आवडली. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्याकडे जे नवं आलं, म्हणजे मुलींच्या शाळा, आगगाडी, परदेशगमन, धर्मांतर, शहरातल्या नोकऱ्या, त्याचा पहिला धक्का अनेकदा पत्राच्या या पहिल्या ओळीलाच बसलेला दिसतो. नातं बदललं, की जुना मायना बसत नाही आणि नवा सापडत नाही. लेखक मंडळी भाषणात, निबंधात, पुस्तकात ठाम असतात. नव्याची जी धास्ती त्यांना आतून वाटत होती, ती मात्र कुणा एका माणसाला लिहिलेल्या पत्रात सापडते. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हटलं, याच पत्रांवर लिहावं. त्यातला बराच भाग आपल्या नगर जिल्ह्याच्या आसपासच घडलेला आहे.

कोरं पत्र

सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करू. नेवाशात ज्ञानेश्वरी झाली हे आपल्याला शाळेत जाण्याआधीपासून माहीत असतं. त्याच ज्ञानेश्वरांना आलेल्या एका पत्राची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यापाशीच अडले. वयाने एवढ्या लहान मुलाला 'तीर्थरूप' कसं म्हणावं? आणि ज्ञानाने एवढ्या मोठ्या माणसाला 'चिरंजीव' तरी कसं म्हणावं? शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवून दिला. इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली, आणि ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. तीच 'चांगदेव पासष्टी'.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण आपल्या लोकांनी ती शेकडो वर्षं सांभाळली, कारण त्यातली अडचण खरी आहे. जुन्या मापात न बसणारं माणूस समोर आलं की अनुभवी माणसाचीही लेखणी थबकते. चांगदेवांनी निदान ते लपवलं नाही.

सत्यरूप

१ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच टपाल तिकीट सुरू झालं. हलकं पत्र अर्ध्या आण्यात कितीही लांब जाऊ लागलं. त्याआधी पत्र म्हणजे सरकार, सावकार आणि पेढीवाल्यांचं काम. आता लिहिता येणाऱ्या कुणालाही आपल्या माणसाला लिहिणं परवडू लागलं. आणि लिहिता येणाऱ्यांमध्ये नुकत्याच काही बायकाही आल्या होत्या.

जोतीराव फुल्यांनी नगरची मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे त्या कामाचा एक धागा नगरपर्यंत येतो. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज वाचायला मिळतात: १८५६ चं, १८६८ चं आणि दुष्काळातलं १८७७ चं.

पहिलं पत्र ऑक्टोबर १८५६ चं, माहेरहून, नायगावहून लिहिलेलं. त्या आजारी होत्या आणि माहेरी भावाने त्यांची मनापासून सेवा केली, हे त्या आधी सांगतात. मग लगेच सांगतात, की हाच भाऊ त्यांना बोलला. तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, जातीच्या रूढीने वागा, असं त्याचं म्हणणं. त्यावर बहिणीने त्याला काय सुनावलं तेही पत्रात आहे. गाय-शेळीला तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि आपल्यासारख्याच माणसांना मात्र शिवत नाहीस, असा त्यांचा रोख होता.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातला वादच लक्षात राहिला. पुन्हा वाचताना भाऊ लक्षात राहिला. रस्त्यावर शेण-चिखल फेकणाऱ्यांशी लढणं एक वेळ सोपं असेल. उशाशी बसून औषध देणाऱ्या भावाशी भांडणं अवघड. नव्या विचाराची खरी किंमत तिथे द्यावी लागते, आणि ती सांगायला त्यांच्यापाशी एकच माणूस होता. सभेत सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आता मायना पाहा. नवऱ्याला लिहिताना त्यांनी वापरलेला शब्द आहे 'सत्यरूप'. जिथे 'तीर्थरूप'सारखा शब्द यायचा, तिथे त्यांनी तीर्थ काढून सत्य ठेवलं. पण त्याच ओळीत पुढे शिरसाष्टांग नमस्कार आहे, तो जुनाच. मला ही ओळ फार मोलाची वाटते. इतकं बंड केलेल्या बाईनेही सगळं एकदम टाकून दिलं नाही. एक शब्द बदलला, एक ठेवला. बदल माणसात असाच होत असतो.

आजीबाई

पुढचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. जन्म १८५८. वडिलांनी संस्कृत शिकवलं, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या.

महाराष्ट्रात तेव्हा दोनच मतं होती. एक, ही बाटली. दुसरं, ही सुधारली. त्यांची त्या वर्षांतली इंग्रजी पत्रं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली गेली. ती वाचली की दोन्ही मतं अपुरी पडतात.

ही पत्रं मुख्यतः मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेली. रमाबाई त्यांना इंग्रजी पत्रात आपला मराठी शब्द वापरून हाक मारतात, 'आजीबाई'. परक्या देशात, परक्या भाषेत, नव्या धर्मात, जिच्याशी नातं जोडायचं तिच्यासाठी त्यांना इंग्रजीत शब्द सापडला नाही. आणि याच आजीबाईंशी त्या पानंच्या पानं वाद घालतात.

वाद कशाकशावर? अंडं घातलेलं पुडिंग खायचं का, यावर. रमाबाई शाकाहारी राहिल्या. आजीबाईंना ते जुन्या जातीचं खूळ वाटलं. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावर. आपल्या लोकांना दोन्ही सारखीच कळणार नसतील तर लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, त्यावर. मनोरमेला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा, यावर. आणि सगळ्यांत मुख्य, त्रैक्याच्या सिद्धान्तावर. १८८५ च्या एका पत्रात त्या स्पष्ट सांगतात, की मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं जू मी घेणार नाही.

पुढे अमेरिका पाहून त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात अमेरिकेचं कौतुक भरभरून आहे, उणिवाही दाखवल्या आहेत, पण एकूण सूर आपल्या बायाबापड्यांना धीर देण्याचा आहे. पत्रांतली घालमेल तिथे नाही. दोन्ही रमाबाई खऱ्याच. पुस्तक लिहिताना त्यांच्यासमोर समाज होता, म्हणून तिथे त्या खंबीर आहेत. पत्र लिहिताना समोर आजीबाई होती, म्हणून तिथे त्या चिडतात, दुखावतात, माफी मागतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात.

ज्यांना नवं नकोच होतं त्यांची अस्वस्थता समजायला सोपी असते. रमाबाई स्वतःहून नव्यात गेल्या होत्या, मागे फिरायचं त्यांच्या मनात नव्हतं, आणि तरी अस्वस्थ होत्या. नवं पत्करणं म्हणजे त्याच्यापुढे मान तुकवणं नव्हे, हे त्यांना पत्रागणिक सांगावं लागलं.

टिळक

आता राहुरीकडे येऊ, म्हणजे जवळपास घरीच. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. वडिलांच्या अतिकडक सोवळ्यात त्यांचं बालपण गेलेलं, अकराव्या वर्षी लग्न झालेलं, अक्षरओळख लग्नानंतर टिळकांनीच करून दिलेली. नवरा नगरला मिशनमध्ये, बायको मुलाला घेऊन नातेवाइकांकडे, बराच काळ पंढरपुरात. काही वर्षं हा संसार टपालावर चालला.

त्या काळच्या घरात पत्र आलं की ते एकटीचं नसे. पोस्टमनने हाक दिली की सगळं घर गोळा होई. धर्म सोडलेल्या माणसाचं पत्र, त्यात सोवळ्या-ओवळ्याचं घर. पत्र हातात घ्यायचं की नाही इथपासून प्रश्न. नवरा मेलेला नाही, म्हणून कुंकू आहे. नवरा जातीत नाही, म्हणून घर नाही. अशा नवऱ्याला काय म्हणून लिहायचं, हा पेपरातला प्रश्न नव्हता.

लक्ष्मीबाईंनी त्याचं उत्तर घाईने दिलं नाही. त्या नगरला आल्या, पण आधी वेगळ्या राहिल्या. स्वतःचं पाणी, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी बळजबरी केली नाही. राहुरीच्या दिवसांत जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. आधी त्यांचा जातीवरचा विश्वास गेला आणि धर्माचा निर्णय त्यानंतर झाला. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा सांगतो म्हणून नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा.

टिळकांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. नवा धर्म घेतलेल्या या माणसाला त्याचा परदेशी पेहराव सोसवेना. त्यांनी ख्रिस्ताची भजनं, अभंग, कीर्तनं रचली. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. शेवटी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. १९१९ मध्ये ते गेले.

१९३४ पासून लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. नवऱ्याचं नाव घ्यायला बायको लाजायची, 'हे', 'तिकडून' म्हणायची, त्या काळातल्या या बाई पुस्तकभर नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. रागात टिळक, प्रेमात टिळक, दुःखातही टिळक. त्यांना मायना सापडला होता.

प्रिय

चौथं उदाहरण आपल्या जन्माच्या आसपासचं. कथाकार जी. ए. कुलकर्णी, जन्म १९२३. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सभा, सत्कार, फोटो यांपासून लांब राहायचे. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही वाद झाल्यावर त्यांनी परत केला. लोकांनी माणूसघाणा म्हणून त्यांची ख्याती केली. १९८७ मध्ये ते गेले आणि नंतर त्यांची निवडक पत्रं अनेक खंडांत निघाली. हा अबोल माणूस पत्रांत बोलायला थांबत नाही. पुस्तकं, चित्रं, चित्रपट, झाडं, विनोद, सगळं त्यात येतं.

त्यातला एक खंड सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची पत्रंही पुढे 'प्रिय जी. ए.' या नावाने निघाली. एक विवाहित बाई आणि एक अविवाहित पुरुष, नातं कुठलंच नाही, भेटी मोजक्याच. त्यांच्यासाठी आपल्या भाषेत तयार मायना नव्हता. 'तीर्थरूप' नाही, 'बंधू' नाही. त्यांनी 'प्रिय' लिहिलं आणि त्या शब्दाला साजेशी मैत्री वर्षानुवर्षं सांभाळली.

जी. एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या तीन कादंबऱ्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. घनदाट जंगल तोडून शेतं होतात, शेतांचं गाव, गावाचं शहर. ज्या बाईने तरुणपणी झाडांना वैरी मानलं, तीच म्हातारपणी झाडांसाठी झुरते आणि ती लावते. हे वाचताना मला सोनईच दिसते. मुळेच्या पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला, शाळा-कॉलेजं आली. त्या पाण्यामुळेच आपण शिकलो. तरी आपल्या घरातली म्हातारी माणसं आधीच्या बाजरीच्या शिवाराबद्दल बोलायला लागली, की आवाज बदलतो. त्यांना जिरायती दिवस परत नको असतात. तरी त्यांना काहीतरी हरवलेलं असतं.

आपली पत्रं

आपली पिढी या साखळीत शेवटची बसते. दहावीनंतर आपण पुणे, नगर, नाशिक, औरंगाबादला गेलो तेव्हा निळं इनलँड लेटर होतं. 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' लिहून खाली 'मी मजेत आहे, काळजी नसावी' लिहायची पद्धत होती. मेसचं जेवण, इंग्रजीत चालणारे तास, खोलीतल्या मुलींचे कपडे, यांतलं काय लिहायचं आणि काय नाही, हे प्रत्येकाने ठरवलेलं असे. वडिलांना एक, बहिणीला दुसरं, मैत्रिणीला तिसरं. खरं बहुधा मैत्रिणीच्या पत्रात.

पुढे नोकरी लागली आणि माझ्या क्षेत्रात तर मायनाच गेला. वीस वर्षांनी मोठ्या साहेबाला पहिल्या नावाने हाक मारायची, पत्राची सुरुवात सगळ्यांना एकाच 'हाय'ने. पहिले काही महिने तोंडून 'सर' निघायचंच. आज ते 'हाय' मला सोयीचं वाटतं, कुणापुढे वाकावं लागत नाही. आणि तरी कधीकधी वाटतं, समोरचा माझा कोण लागतो हे ठरवायला जो क्षणभर थांबा लागायचा, तो आता उरला नाही. १५ जुलै २०१३ रोजी तारसेवाही बंद झाली. आता आपण एकमेकांना दिवसात दहा निरोप पाठवतो, पण भावाशी झालेलं भांडण दोन पानं भरून कुणाला सांगत नाही.

म्हणून या निमित्ताने एक विनंती. माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या कपाटात, जुन्या पुस्तकांत अजून पत्रं असतील. घर बांधताना, जागा बदलताना ती रद्दीत जातात. सावित्रीबाईंची तीन पत्रं उरली, म्हणून तो भाऊ आपल्याला भेटतो. रमाबाईंची पत्रं सिस्टर जेराल्डिन यांनी नीट गोळा करून ठेवली, म्हणून त्यांचं म्हणणं आपल्याला त्यांच्या शब्दांत कळतं, खुद्द जेराल्डिन यांच्याविरुद्धचंसुद्धा. उद्या कुणी विचारलं, की पहिल्यांदा सोनई सोडून गेलेल्या मुलामुलींना शहरात काय वाटलं होतं, तर उत्तर त्या इनलँड लेटरांत आहे. दुसरीकडे कुठेही ते लिहिलेलं नाही.

मात्र एक पथ्य पाळू. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, पण पत्राला असतं. लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघांनाही विचारल्याशिवाय ते उघडायचं नाही. ज्यांची हरकत नाही त्यांनी एखादं पत्र, नावं झाकून का होईना, मेळाव्याला घेऊन यावं. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवण्याचं काम माझ्याकडे. सर-बाईंकडे जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं असतील तर तीही हवीत. त्यांचे मायने तपासायला अर्थातच त्यांनीच बसायचं आहे.